पदवी हाती आली, पुढे काय? : दूरसंचार अभियंत्यांच्या वाटा आणि विद्या

व्यापारी कुटुंबात मुलाच्या शिक्षणाची पूर्वी फारशी चर्चा होत नसे. हिशेब जमू लागला, पत्रव्यवहाराचे वळण आले आणि मालाची पारख होऊ लागली, की मुलगा पेढीवर बसे. पुढचे शिक्षण गादीवरच होई. तो काळ आता मागे पडला आहे. बेळगाव, हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, गोवा अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करीत आलेल्या आपल्या घरांतून आज मुले आणि मुली अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडत आहेत. त्यांपैकी पुष्कळांनी 'इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार' ही शाखा घेतलेली असते. चार वर्षांची फी भरलेली असते, वसतिगृहाचा खर्च झालेला असतो, आणि पदवीदान समारंभाचे छायाचित्र भिंतीवर लागले, की वडिलांच्या मनात एक प्रश्न उभा राहतो : या विद्येचे पुढे करावयाचे काय?

या प्रश्नाची दोन उत्तरे आमच्या कानी वारंवार येतात. 'मोबाइल कंपनीत नोकरी मिळाली तर ठीक, नाही तर पदवी फुकट गेली' हे एक. 'झाले ते झाले, आता दुकानात बस' हे दुसरे. दोन्ही उत्तरे घाईची आहेत. व्यापाऱ्याने माल न पाहता भाव ठरवावा, तसा हा प्रकार आहे. म्हणून ही विद्या काय आहे, तिच्या वाटा कोठकोठे जातात, आणि त्या वाटांवर चालण्यास कोणती शिदोरी लागते, हे आमच्या सभासद बंधुभगिनींपुढे साध्या शब्दांत मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

विद्येचे स्वरूप

दूरसंचार म्हणजे टेलिफोन, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक ही विद्या एकाच प्रश्नाभोवती उभी आहे : एका ठिकाणचा निरोप दुसऱ्या ठिकाणी, त्यात फरक न पडता आणि कमीत कमी खर्चात, कसा पोचवावा? आपल्या व्यवहारात मालाची बांधणी, वाहतूक आणि पोच अशा तीन पायऱ्या असतात. येथेही तशाच आहेत. बोलणे, चित्र किंवा लेख यांचे अंकांत रूपांतर करणे ही बांधणी. तांब्याची तार, काचेचा तंतू किंवा आकाशातील रेडिओलहरी यांवरून ते अंक नेणे ही वाहतूक. आणि पलीकडे ते अंक जसेच्या तसे मिळाले की नाही, हे तपासून पुन्हा मूळ रूपात आणणे ही पोच.

ही तपासणी कशी होते, हे आपल्या मुनिमांना समजावून सांगण्याची गरज नाही. खतावणीच्या पानाअखेर बेरीज मांडलेली असते. पान दुसरीकडे उतरविताना एखादा आकडा चुकला, तर बेरीज जुळत नाही आणि चूक उघडकीस येते. दूरसंचारातही निरोपाच्या अंकांबरोबर असेच काही जादा अंक पाठवितात. त्यांवरून चूक झाल्याचे कळते. इतकेच नव्हे, तर योग्य रचना केली असता चूक कोठे झाली हेही कळते आणि ती तेथल्या तेथे दुरुस्त करता येते. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९४८ मध्ये या साऱ्या व्यवहाराचे गणित प्रसिद्ध केले. प्रत्येक मार्गाची निरोप वाहून नेण्याची एक निश्चित मर्यादा असते, आणि त्या मर्यादेच्या आत राहून बांधणी नीट केली तर चुका हव्या तितक्या कमी करता येतात, हे त्याने सिद्ध केले. आजचा मोबाइल असो की उपग्रह, सर्वांचा पाया तोच आहे.

साधने जातात, पाया राहतो

या क्षेत्रात साधने फार लवकर जुनी होतात, ही गोष्ट पालकांनी प्रथम ध्यानी घ्यावी. आपल्या देशात १८५० च्या सुमारास कलकत्ता आणि डायमंड हार्बर यांच्यामध्ये पहिली तार टाकली गेली. पुढे दीड शतकाहून अधिक काळ बाजारभाव, मालाची रवानगी, सुखदुःखाच्या वार्ता हे सारे तारेने चालले. १५ जुलै २०१३ पासून ती तारसेवा बंद झाली. १९६० मध्ये लखनौ व कानपूर यांच्यात मध्यस्थावाचून परगावी थेट फोन लावण्याची सोय प्रथम झाली. पुढे त्याच सोयीने गल्लोगल्ली एस.टी.डी.च्या पिवळ्या पाट्या झळकल्या. आपल्यापैकी कित्येकांच्या दुकानात एका कोपऱ्यात काचेची ती खोली आणि आकडे दाखविणारे ते यंत्र होते. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून दिल्लीस देशातील पहिला मोबाइल संवाद झाला आणि काही वर्षांतच त्या पाट्या उतरल्या. १ ऑक्टोबर २०२२ रोजी पाचव्या पिढीची, म्हणजे फाइव्ह-जी सेवा देशात सुरू झाली.

या बदलांचे मोल माणसांनी दिलेले आहे. ३१ जानेवारी २०२० रोजी भारत संचार निगमचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी बाहेर पडले. निगमाच्या आर्थिक अडचणींची कारणे अनेक आहेत आणि त्यांची चर्चा हा या लेखाचा विषय नव्हे. परंतु ज्या नोकरीस आपण जन्मभराची शाश्वती समजत होतो, तीही बाजाराच्या व यंत्रांच्या बदलापासून मुक्त नाही, एवढा बोध त्यातून निश्चित घ्यावा.

मग टिकते काय? याचे उत्तर बेळगाव जिल्ह्यातच सापडते. १९८४ मध्ये केंद्र सरकारने सी-डॉट ही दूरसंचार संशोधन संस्था स्थापन केली. त्या काळी परदेशी बनावटीच्या एक्स्चेंजना वातानुकूलित खोली लागे. खेड्यात ती कोठून मिळणार? सी-डॉटच्या तरुण अभियंत्यांनी आपल्याकडील उष्मा, धूळ आणि विजेची अनिश्चितता गृहीत धरून १२८ जोडण्यांचे एक लहान एक्स्चेंज तयार केले. वातानुकूलनावाचून चालणारे हे पहिले ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये राणी चन्नम्मेच्या कित्तूर येथे बसविण्यात आले. त्या अभियंत्यांजवळ पुस्तकी विद्या होतीच. परंतु आपले यंत्र कोणाच्या दारी आणि कोणत्या हवेत उभे राहणार आहे, याचे ज्ञान त्यांनी तिला जोडले. ते यंत्र आज जुने झाले असले, तरी ती दृष्टी जुनी झालेली नाही.

गिऱ्हाइकाची अडचण हेरण्याची ही दृष्टी व्यापाऱ्यासही परकी नाही. स्वयंचलित एक्स्चेंजचा जनक अल्मन स्ट्रोजर हा अमेरिकेतील कॅन्सस सिटीचा एक व्यावसायिक. अंत्यसंस्काराची व्यवस्था पुरविणे हा त्याचा धंदा होता. एक्स्चेंजमधील बाई आपल्या गिऱ्हाइकांचे फोन प्रतिस्पर्ध्याकडे जोडते, असा त्याला संशय आला आणि त्या रागातून मध्यस्थच नको असे यंत्र त्याने योजिले, अशी कथा सांगतात. कथेतील तपशील कसाही असो. १८९१ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि त्याच्या पद्धतीची एक्स्चेंजे पुढे अनेक दशके जगभर चालली, हे मात्र सत्य आहे.

वाटा कोणत्या?

पहिली वाट सेवा देणाऱ्या कंपन्यांची. मनोरा कोठे उभारावा, त्यावरील अँटेना कोणत्या दिशेस किती कलती ठेवावी, कोणत्या वस्तीत आवाज तुटतो, शहराशहरांना जोडणाऱ्या तंतूंवर किती भार आहे, हे पाहणारे अभियंते येथे लागतात. जाळ्याच्या नियंत्रण कक्षात अहोरात्र पहारा असतो, त्यामुळे पाळीचे काम असते. यांपैकी बरेच काम कंत्राटदार कंपन्यांमार्फत चालते, हे तरुणांनी जाणून असावे. नेमणुकीच्या पत्रावर नाव कोणाचे आहे, मुदत किती आहे आणि भविष्यनिर्वाह निधी कापला जातो की नाही, हे पाहूनच सही करावी. व्यापाऱ्याच्या मुलाने करारनामा न वाचता सही करणे शोभत नाही.

दुसरी वाट यंत्रे बनविणाऱ्यांची आणि संशोधनाची. परदेशी कंपन्यांची मोठी संशोधन केंद्रे बेंगळुरू व अन्य शहरांत आहेत. स्वदेशी यंत्रनिर्मितीसही अलीकडे बळ मिळाले असून दूरसंचार साहित्याच्या उत्पादनास प्रोत्साहन देणारी १२,१९५ कोटी रुपयांची योजना केंद्राने २०२१ मध्ये आणली. भारत संचार निगमच्या फोर-जी सेवेसाठी सी-डॉट, तेजस नेटवर्क्स व टाटा कन्सल्टन्सी यांनी मिळून देशी बनावटीची यंत्रणा उभी केली आहे. ज्यांस अँटेनाची व सूक्ष्म लहरी टिपण्याची गोडी आहे, त्यांनी पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथील रेडिओ दुर्बीण एकदा अवश्य पाहून यावी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तेथे आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत.

तिसरी वाट चिप आणि यंत्रांतर्गत संगणकांची. मोबाइल, मोटार, विजेचा मीटर, दवाखान्यातील उपकरणे या सर्वांत लहानसा संगणक बसलेला असतो. त्याची रचना करणे आणि त्याला आज्ञावली देणे हे काम बेंगळुरू, हैदराबाद, पुणे व नोएडा येथे मोठ्या प्रमाणावर चालते. या वाटेवर प्रवेश कठीण असतो. परंतु पाया पक्का असणाऱ्यास मान मिळतो. कित्येकांना ती पदव्युत्तर शिक्षणानंतरच खुली होते.

चौथी वाट शासकीय, रेल्वे, संरक्षण आणि अवकाश क्षेत्राची. संघ लोकसेवा आयोगाची अभियांत्रिकी सेवा परीक्षा स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार अशा चार शाखांत होते. 'गेट' या परीक्षेच्या गुणांवर पदव्युत्तर प्रवेश मिळतो आणि काही सार्वजनिक उद्योग त्यांच्या आधारे नेमणुकाही करतात. हे गुण निकालापासून तीन वर्षे ग्राह्य असतात. रेल्वेच्या सिग्नल व दूरसंचार खात्याचे प्रशिक्षण सिकंदराबाद येथे १९५७ पासून चालू असलेल्या संस्थेत होते. गाड्यांची टक्कर टाळणारी 'कवच' ही यंत्रणा इंजिन आणि स्थानक यांच्यातील रेडिओसंवादावरच चालते. तेथे निरोप चुकला तर माणसांच्या जिवाशी गाठ. बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स, हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन आणि अहमदाबादचे अवकाश उपयोग केंद्र हीही याच विद्येची स्थाने होत. या परीक्षांसाठी एक-दोन वर्षे अभ्यास करावा लागतो. मात्र किती वर्षे आणि किती प्रयत्न, हे घरात बसून आधी ठरवावे. मुदतीवाचून दिलेली उधारी आणि मुदतीवाचून केलेली तयारी या दोन्ही घर बुडवितात.

पाचवी वाट संगणकप्रणालीची. महाविद्यालयात येणाऱ्या कंपन्यांतून दूरसंचाराच्या अनेक पदवीधरांना हेच काम मिळते आणि 'शिकला एक, करतो दुसरेच' असे आप्तेष्ट म्हणतात. त्यात तथ्य थोडे आहे. एक्स्चेंज म्हणजे पूर्वी लोखंडी कपाटांची रांग असे. आता फाइव्ह-जीचे मध्यवर्ती काम पुष्कळ अंशी साध्या संगणकांवर चालणाऱ्या आज्ञावलींनीच होते. म्हणून जाळ्याचे ज्ञान आणि आज्ञावली लिहिण्याचा सराव या दोन्ही गोष्टी एका हाती असतील, तर त्या माणसास मागणी आहे.

सहावी वाट स्वतंत्र व्यवसायाची, आणि ती आपल्या समाजास जवळची. इस्पितळे, शाळा, कारखाने, गोदामे, वसाहती यांना इंटरनेटचे जाळे, कॅमेरे आणि तंतुजोडणी हवी असते. इंटरनेट सेवेचे परवाने सबंध देशासाठी तसेच मर्यादित क्षेत्रासाठीही देण्याची पद्धत असल्याने लहान गावांतही असे उद्योग उभे राहिले आहेत. परंतु पदवी मिळताच या धंद्यात उतरू नये, असे आमचे मत आहे. दोन-तीन वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली काम करून, आपल्या चुका दुसऱ्याच्या देखरेखीखाली सुधारून, मग भांडवल घालावे. धान्य न चाळता अडत करणारा जसा फसतो, तसाच स्वतः तंतू न जोडता तंतूचे कंत्राट घेणारा फसतो.

शिदोरी कोणती?

प्रथम गणित. संभाव्यता, रेषीय बीजगणित आणि लहरींचे पृथक्करण हे विषय परीक्षेपुरते पाठ करून चालत नाही. एक लहान उदाहरण देतो. प्रकाश किंवा लहरी किती क्षीण झाल्या, हे अभियंते 'डेसिबल' या मापाने मोजतात. या मापाची खुबी अशी, की त्यात गुणाकाराची बेरीज होते. तीन डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी. सहा डेसिबल म्हणजे पाव. उत्तम काचतंतूत दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल घट होते. म्हणजे १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो! जो तरुण हा हिशेब तोंडी करू शकतो, त्यास कोणता सांधा वाईट बसला आहे, हे लागलीच उमगते.

दुसरी शिदोरी हातांची. तंतूची जाडी काचेच्या आवरणासह अवघी १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग असते. तो स्वच्छ कापणे, विजेच्या ठिणगीने सांधणे, आणि एका टोकाकडून प्रकाशाची स्पंदने सोडून कितव्या किलोमीटरवर तो तुटला हे शोधणे, या गोष्टी पाहून येत नाहीत, करूनच येतात. मनोऱ्यावर चढण्याचा प्रसंग आल्यास सुरक्षापट्टा बांधल्यावाचून एक पायरीही चढू नये. धाडस हा अभियंत्याचा गुण नव्हे, दक्षता हा आहे.

तिसरी शिदोरी आज्ञावलीची. सी आणि पायथन या दोन भाषा, लिनक्सवरील वावर आणि इंटरनेटच्या निरोपांचे मार्ग कसे ठरतात याचे ज्ञान, एवढे तरी पदवीबरोबर असावे. प्रमाणपत्रे देणारे वर्ग गल्लोगल्ली आहेत. त्यांची फी भरण्यापूर्वी, तेथे प्रत्यक्ष यंत्रांवर किती तास काम करावयास मिळेल, हे विचारावे.

चौथी शिदोरी भाषेची. मोबाइलची जागतिक मानके १९९८ मध्ये स्थापन झालेल्या थ्री-जी-पी-पी या संयुक्त मंडळाकडून ठरतात आणि ती कोणासही विनामूल्य वाचावयास मिळतात. ती इंग्रजीत असतात, रुक्ष असतात. परंतु जो ती वाचण्याची सवय लावून घेतो, तो पुढील पिढीचे यंत्र येण्यापूर्वीच तयार असतो. त्याबरोबरच कानडी, हिंदी, तेलुगु, गुजराती, कोंकणी, जी आपल्या गावची भाषा असेल, ती नीट बोलता यावी. ज्याच्या शेतातून खड्डा खणावयाचा आहे, त्याच्याशी मानकांच्या भाषेत बोलून चालत नाही. बाजारात वाढलेल्या मुलांस हे बाळकडू घरीच मिळालेले असते. त्याची किंमत त्यांनी कमी लेखू नये.

वडीलधाऱ्यांना विनंती

आता दोन शब्द पालकांसाठी. पदवी हे भांडवल आहे; ती नफा नव्हे. भांडवल घातल्याबरोबर गल्ला भरत नाही, हे आपणांस कोणी सांगावयास नको. मग मुलाच्या बाबतीतच सहा महिन्यांत निकाल का मागावा? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवीधरांचाही समावेश झालेला आहे. त्यानुसार एक वर्षाची उमेदवारी विद्यावेतनासह करता येते. ते विद्यावेतन अल्प असते, म्हणून तिला कमी प्रतीची समजू नये. आपल्या पेढीवरही नवा गुमास्ता पहिल्या दिवशी भाव ठरवीत नाही.

नोकरीसाठी अनामत रक्कम मागणाऱ्यांपासून मात्र कटाक्षाने दूर राहावे. रेल्वेत, संरक्षण खात्यात किंवा परदेशी कंपनीत 'जागा करून देतो' असे सांगून पैसे घेणारे लोक सुशिक्षित घरांनाही गाठतात. घाबरलेला बाप हे त्यांचे ठरलेले गिऱ्हाईक. स्पर्धेच्या परीक्षेची जाहिरात, निकाल आणि नेमणूक हे सर्व जाहीर असते. ज्या जागेची वाच्यता करू नका असे कोणी सांगेल, ती जागा अस्तित्वातच नसते, असे समजावे.

कन्यांविषयीही स्पष्ट लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते. 'मनोऱ्यावर कोण चढणार?' असे म्हणून मुलीची पदवी विवाहाच्या पत्रिकेपुरती ठेवणारी घरे अजून आहेत. वर सांगितलेल्या सहा वाटांपैकी बहुतेक कामे प्रयोगशाळेत, संगणकापुढे किंवा नियंत्रण कक्षात होतात. आणि ज्या कामात मनोरा आहे, तेही कौशल्याचे आहे, केवळ बळाचे नाही. चार वर्षे मुलाइतकाच खर्च आणि मुलाइतकाच अभ्यास करून मिळविलेली विद्या कुलूपबंद ठेवणे हा व्यवहारही नव्हे आणि न्यायही नव्हे.

आणि मुलगा अखेर पेढीवरच बसू इच्छीत असेल, तर? अवश्य बसावा, त्यात कमीपणा कसला? परंतु तो पराभूत म्हणून बसू नये. मालाची नोंद, गोदामांची देखरेख, परगावच्या शाखांशी संपर्क, पैशांची देवघेव हा आपला बहुतेक व्यवहार आता दूरसंचाराच्या जाळ्यावरूनच चालतो. ते जाळे ज्याला समजते, असा माणूस घरात असणे हा पेढीचा लाभच आहे. मात्र हा निर्णय त्याचा असावा, आपल्या अधीरतेचा नसावा.

तार गेली, एस.टी.डी.ची पिवळी पाटी गेली, आजची यंत्रेही एक दिवस जातील. निरोप अचूक पोचविण्याची गरज मात्र मनुष्य आहे तोवर राहणार आहे. त्या गरजेची सेवा करणारी विद्या आपल्या मुलामुलींनी कष्टाने मिळविली आहे. तिला थोडा अवधी, थोडा विश्वास आणि योग्य वाटेची माहिती द्यावी, एवढीच आमची सर्व सभासद कुटुंबांना नम्र विनंती आहे.